'प्रतिकारशक्ती' या संज्ञेची मर्यादा : अतिनील किरणे आणि प्रतिरक्षापेशी यांच्या संदर्भात एक चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची चिकित्सा मराठीत बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. संज्ञा सुबोध आहे की दुर्बोध, हे एक अंग. ती संस्कृतोद्भव असावी, देशी असावी की परभाषेतून जशीच्या तशी उचललेली असावी, हे दुसरे. या दोन्ही वादांत तिसरा एक प्रश्न बाजूला पडतो. संज्ञा एकदा रूढ झाली की ती वापरणाऱ्याच्या विचाराला कोणत्या दिशेने नेते आणि कोणत्या दिशेला जाऊ देत नाही, हा तो प्रश्न होय. पहिल्या दोन कसोट्यांना पूर्णपणे उतरलेली संज्ञा या तिसऱ्या कसोटीला कशी अपुरी पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणून 'रोगप्रतिकारशक्ती' किंवा संक्षेपाने 'प्रतिकारशक्ती' या शब्दाकडे पाहता येईल.

हा शब्द परिभाषेच्या इतिहासातील एक मोठे यश आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. कोशासाठी घडवलेल्या कितीतरी संज्ञा कोशातच राहिल्या; हा शब्द मात्र दवाखान्यात, शाळेत, वर्तमानपत्रात आणि घराच्या ओसरीवरही पोहोचला. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तर त्याने जाहिरातीचा मथळाही व्यापला. ज्या शब्दाचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही, त्या शब्दाची परीक्षा करणे अवघड असते. त्यासाठी असे एखादे क्षेत्र निवडावे लागते की जेथे त्या शब्दात गृहीत धरलेल्या गोष्टी प्रयोगाने तपासल्या गेल्या आहेत. अतिनील किरणांचा प्रतिरक्षापेशींच्या कार्यावर होणारा परिणाम हे असे क्षेत्र आहे. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत तेथे जे संशोधन झाले, ते वाचताना 'शक्ती' या शब्दाने उभे केलेले चित्र पायरीपायरीने ढासळत जाते.

२

प्रथम 'अतिनील' या संज्ञेचाच विचार करू. कारण सदोष संज्ञा आणि घातक संज्ञा यांतील भेद तेथे स्पष्ट होतो. योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे परंतु चांदीचे लवण काळे करणारे किरण असल्याचे दाखवून दिले. हे किरण जांभळ्याच्या पलीकडचे आहेत. शाळेतल्या मुलाने पाठ केलेल्या 'तानापिहिनिपाजा' या क्रमाप्रमाणे निळ्याच्या पुढे पारवा आणि त्यापुढे जांभळा येतो. तेव्हा 'अतिनील' म्हणजे निळ्याच्या पलीकडचा, असा विग्रह केला तर हाती पारवा लागतो. आणि 'अति' म्हणजे फार, असा अर्थ घेतला तर गडद निळा. मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला 'जंबुपार' हा शब्द या दृष्टीने कितीतरी नेमका आहे. तरीही रूढ झाला तो 'अतिनील', आणि त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. याचे कारण असे की, या शब्दाच्या घटकांवरून कोणी अनुमान काढत नाही. १०० ते २८० नॅनोमीटर हा 'क' विभाग, २८० ते ३१५ हा 'ब' आणि ३१५ ते ४०० हा 'अ', अशी तरंगलांबीची मर्यादा ठरलेली असल्यामुळे शब्द केवळ खुणेपुरता उरतो. 'क' विभाग वातावरणात शोषला जातो. पृथ्वीवर पोहोचतात ते बहुतांशी 'अ' आणि थोड्या प्रमाणात 'ब' विभागातील किरण. हे सारे समजण्यात 'नील' आड येत नाही.

'प्रतिकारशक्ती' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. येथे शब्द पारदर्शक आहे, आणि म्हणूनच वापरणारा त्याच्या घटकांवरून अनुमाने काढत जातो. अपारदर्शक शब्दाचा दोष शब्दातच राहतो; पारदर्शक शब्दाचा दोष विचारात उतरतो.

३

या शब्दाच्या रचनेत तीन गृहीते दडलेली आहेत. पहिले गृहीत 'शक्ती' या उत्तरपदातून येते. मराठीत 'शक्ती' या नामाबरोबर जी क्रियापदे सहजपणे येतात ती वाढणे, घटणे, खालावणे, टिकणे, भरून येणे अशी आहेत. ही सर्व परिमाणाची क्रियापदे होत. शक्ती कमी-अधिक असते. तिची दिशा बदलते असे आपण क्वचितच म्हणतो. म्हणून 'प्रतिकारशक्ती' म्हणताच शरीरातील या व्यवहाराला एकच मोजपट्टी लावली जाते.

दुसरे गृहीत समासामुळे निर्माण होते. 'प्रतिकार' या नामाला कर्माची अपेक्षा असते : शत्रूचा प्रतिकार, अन्यायाचा प्रतिकार. समासात शिरताच ही षष्ठी लोप पावते, आणि 'कशाचा?' हा प्रश्नही तिच्याबरोबर जातो. 'रोग' हे पूर्वपद असले तरी ते इतके सामान्य आहे की त्याने कर्माची उणीव भरून निघत नाही. परिणामी एखाद्या माणसाची प्रतिकारशक्ती 'चांगली' किंवा 'कमी' असे निरपेक्ष विधान करणे शक्य होते.

तिसरे गृहीत मूल्याचे आहे. शक्ती असणे चांगले, नसणे वाईट. आणि प्रतिकार करणारा पक्ष आपला. येथूनच पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, त्वचा म्हणजे तटबंदी, जंतू म्हणजे शत्रू असा रूपकांचा परिवार जमतो. हा परिवार केवळ मराठीचा नाही. सूझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये रोगासंबंधीच्या रूपकांची जी चिकित्सा केली तिच्यात, आणि मानवशास्त्रज्ञ एमिली मार्टिन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पाश्चात्त्य वैद्यकाच्या भाषेतील युद्धाची छाया दाखवून दिलेली आहे. मात्र इंग्रजीत ती छाया मूळ संज्ञेत नव्हती. त्या संज्ञेचे मूळ लॅटिनमधील 'इम्यूनिस' या विशेषणात आहे, आणि त्याचा अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून किंवा करातून मुक्त असा होता. मराठ्यांच्या जमीनमहसुलाच्या भाषेत बोलायचे तर हा शब्द किल्ल्यावरचा नसून दफ्तरातला, माफीच्या आणि इनामाच्या गोत्रातला आहे. एकदा देवी येऊन गेलेला माणूस पुन्हा त्या रोगाचे देणे लागत नाही, एवढाच त्याचा आशय. मराठी संज्ञेने माफीच्या ठिकाणी प्रतिकार आणला, आणि युद्धाचे रूपक, जे अन्यत्र वर्णनात होते, ते नावातच बसवले.

४

आता प्रयोगांकडे वळू. उंदरांच्या त्वचेवर दीर्घकाळ अतिनील किरण पाडले असता तेथे कर्कार्बुदे उद्भवतात, हे पूर्वीपासून ज्ञात होते. मार्गारेट क्रिप्के यांनी १९७४ मध्ये अशा अर्बुदांविषयी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. ही अर्बुदे त्याच वंशाच्या निरोगी उंदरात रोपली असता बहुधा वाढत नाहीत. तो उंदीर ती परकी म्हणून नाकारतो. परंतु ज्या उंदराच्या अंगावर ती उद्भवली, त्याने ती नाकारलेली नव्हती. १९७७ मध्ये मायकेल फिशर आणि क्रिप्के यांनी दाखवले की, अर्बुद अद्याप उद्भवलेलेही नाही परंतु किरण मात्र दिलेले आहेत, अशा उंदरातही रोपलेले अर्बुद वाढते. म्हणजे दोष अर्बुदाने निर्माण केलेला नव्हता. तो किरणांनी निर्माण केलेला होता.

येथपर्यंत 'प्रतिकारशक्ती' हा शब्द टिकतो. किरणांनी शक्ती घटवली, म्हणून अर्बुद वाढले, असे सरळ वाक्य करता येते. परंतु याच उंदरांची अन्य परीक्षा घेतली असता ते अन्य वंशाच्या उंदराच्या त्वचेचे कलम नेहमीप्रमाणे झिडकारताना आढळले. शक्ती जर एक असेल आणि ती घटली असेल, तर एका परक्याला आश्रय आणि दुसऱ्याला हकालपट्टी, हे कसे? समासात लोपलेली षष्ठी येथे आपला हक्क मागू लागते. 'कशाचा प्रतिकार?' हे विचारल्याशिवाय या प्रयोगाचे वर्णनच करता येत नाही.

दुसरा आघात अधिक मूलगामी आहे. त्वचेला लावल्यावर वावडे उत्पन्न करणारी काही रासायनिक द्रव्ये प्रयोगशाळेत वापरतात. डायनायट्रोफ्लुओरोबेंझीन हे त्यांपैकी एक. १९८० मध्ये टोव्ज, बर्गस्ट्रेसर आणि स्ट्राइलिन या संशोधकांनी उंदराच्या त्वचेच्या एका भागावर अल्प मात्रेत 'ब' विभागाचे किरण पाडले आणि त्याच जागी हे द्रव्य लावले. अपेक्षेप्रमाणे वावडे उत्पन्न झाले नाही. परंतु पुढे किरण न पडलेल्या त्वचेवर तेच द्रव्य पुन्हा लावले, तरीही ते उत्पन्न झाले नाही. उंदराला त्या द्रव्याविषयी सहिष्णुता आली होती. यानंतरच्या प्रयोगांत अशा उंदरांच्या पेशी काढून किरण न दिलेल्या धडधाकट उंदरांना दिल्या गेल्या. तेव्हा या ग्राही उंदरांनाही त्या द्रव्याचे वावडे होईना. ग्राही उंदराच्या स्वतःच्या पेशी पूर्ववत शाबूत होत्या, हे विशेष.

या शेवटच्या निरीक्षणाचा तार्किक अर्थ महत्त्वाचा आहे. अभाव दान करता येत नाही. एखाद्याच्या तिजोरीत काही नाही म्हणून त्याची रिकामी तिजोरी शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवली, तर शेजारी दरिद्री होत नाही. किरणित उंदराकडून काही देता आले, याचा अर्थ त्याच्याकडे काही निर्माण झाले होते. ज्याला 'शक्तीचा ऱ्हास' म्हटले जात होते, ती एक नवी घडण होती : एका विशिष्ट द्रव्याविषयी स्वस्थ राहण्याची, शिकलेली आणि जपलेली क्षमता. 'शक्ती घटली' हे वाक्य येथे केवळ अपुरे नसून उलटे ठरते.

५

मग किरण नेमके करतात काय? त्वचेच्या बाह्यस्तरात फांद्यांसारखे फाटे असलेल्या पेशी असतात. पॉल लांगरहान्स याने १८६८ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्या प्रथम पाहिल्या आणि त्या मज्जापेशी असाव्यात असे मानले. शंभराहून अधिक वर्षांनी त्या प्रतिरक्षेच्या व्यवहारातील पेशी असल्याचे निश्चित झाले. त्वचेतून आलेल्या परक्या द्रव्याचा अंश घेऊन त्या जवळच्या लसीकाग्रंथीत जातात आणि तेथील टी पेशींपुढे तो अंश ठेवतात. वर सांगितलेल्या १९८० च्या प्रयोगात किरण पडलेल्या जागी या पेशींची गणना घटलेली आढळली.

लोकप्रिय लेखनात यांना 'पहारेकरी' म्हणण्याची रीत आहे. हे रूपक घेतले की स्पष्टीकरण तयारच असते : उन्हाने पहारेकरी पळाले आणि वेस उघडी पडली. परंतु पहारेकरी नसताना गावात शिरलेल्याला कोणी अडवले नाही, एवढेच यातून सिद्ध होईल. गावाने त्याला कायमचे आपले मानले, हे सिद्ध होणार नाही. प्रत्यक्षात काही पेशी नुसत्या नाहीशा होत नाहीत. किरणित त्वचेतून निघालेल्या आणि आपल्या जनुकद्रव्यात किरणांची इजा वागवणाऱ्या पेशी लसीकाग्रंथीत आढळतात. त्या तेथे पोहोचतात, परंतु त्यांनी आणलेल्या वार्तेचा अर्थ बदललेला असतो. हा बदल ज्यामुळे घडतो, त्यांतील दोन आरंभबिंदू चांगले अभ्यासले गेले आहेत.

त्यांतील एक म्हणजे स्वतः जनुकद्रव्य. डीएनएच्या साखळीतील शेजारचे दोन पिरिमिडीन घटक 'ब' किरणांनी एकमेकांना चिकटतात. ही जोडीच प्रतिरक्षेतील बदलाचे कारण आहे का, हे तपासण्यासाठी १९८९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील ऑपोसम या लहान शिशुधान प्राण्याचा उपयोग झाला. या प्राण्याच्या पेशीत असे एक विकर आहे की जे दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने नेमक्या याच जोड्या सोडवते. अतिनील किरण देऊन लगेच दृश्य प्रकाश दिला, तेव्हा वावडे पूर्ववत उत्पन्न होऊ लागले; दृश्य प्रकाश आधी दिला तर तसे झाले नाही. १९९२ मध्ये उंदरांच्या त्वचेवर दुरुस्ती करणारे विकर बाहेरून लावूनही असाच निष्कर्ष मिळाला.

दुसरा आरंभबिंदू त्वचेच्या वरच्या थरातच साठलेला आहे. युरोकॅनिक आम्ल नावाचे संयुग तेथे एका आकारात असते. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूला मुरड पडून दुसरा आकार मिळतो. एडवर्ड डी फॅबो आणि फ्रान्सिस नूनन यांनी १९८३ मध्ये दाखवले की, कोणत्या तरंगलांबीचे किरण प्रतिरक्षेवर किती परिणाम करतात याचा आलेख या आम्लाच्या किरणशोषणाच्या आलेखाशी जुळतो. येथे तर कोणी मरत नाही, कोणी पळत नाही. एक रेणू वळतो आणि संदेश बदलतो. त्यानंतर त्वचेच्या सामान्य पेशी इंटरल्यूकिन-१० सारखी, प्रतिसाद निववणारी द्रव्ये स्रवू लागतात. मानवी त्वचेत असा परिणाम घडण्यास त्वचा लाल होण्याइतकीही मात्रा लागत नाही.

मोठ्या मात्रेत हे किरण पेशी मारतात, हेही खरे; आणि तेवढ्यापुरते नाशाचे रूपक योग्यच ठरते. परंतु या संपूर्ण प्रक्रियेचे प्रधान क्रियापद 'मारणे' नसून 'वळवणे' आहे.

६

संज्ञेची सत्ता शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या विचारावरही किती चालते, हे या विषयाच्या मधल्या पर्वात दिसते. एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहिष्णुता नेणाऱ्या पेशींना १९७० नंतरच्या दशकात 'दमनकारी टी पेशी' असे नाव पडले. हे नाव सर्वत्र पसरले आणि त्यावर मोठे सैद्धांतिक बांधकाम झाले. या पेशींची खूण ठरवणारे जनुक उंदराच्या गुणसूत्राच्या अमुक पट्ट्यात आहे, असेही मानले गेले. १९८३ च्या सुमारास त्या पट्ट्याची रेणवीय छाननी झाली, तेव्हा तेथे असे जनुक ठेवायला जागाच नव्हती. बांधकाम कोसळले. त्यानंतर कित्येक वर्षे 'दमनकारी पेशी' हा शब्द निबंधात येणे हीच एक उणीव मानली जाऊ लागली.

परंतु नाव बुडाले म्हणून निरीक्षण बुडत नाही. अतिनील किरणांनी आलेली सहिष्णुता पेशींबरोबर नेता येते, ही गोष्ट त्या काळातही प्रयोगशाळेत तशीच राहिली. तिला सांगायला प्रतिष्ठित शब्द तेवढा उरला नाही. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी, स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिसादाला आवर घालणाऱ्या टी पेशींची एक निश्चित खूण दाखवली, आणि अशा पेशी 'नियामक' या नव्या नावाने परतल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने या संदर्भातील कळीचे जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिनील किरणांनी निर्माण होणाऱ्या पेशींचे वर्णनही आता 'नियामक' याच शब्दाने केले जाते.

'दमनकारी' आणि 'नियामक' यांतील अंतर केवळ सौम्य-कठोर शब्दांचे नाही. दमनाला दमनकर्ता आणि पीडित असे दोन पक्ष लागतात. नियमन व्यवस्थेच्या आत असते. पहिल्या शब्दात सहिष्णुता ही पराभवाची खूण ठरते, दुसऱ्यात ती निरोगी शरीराची नित्याची गरज ठरते.

७

मूल्याच्या गृहीताचा निकाल रुग्णांच्या अनुभवावरून लागतो. अतिनील किरणांनी त्वचेतील स्वतःचेच रेणू बदलतात. अशा बदललेल्या स्वकीयांवर प्रतिरक्षेने प्रत्येक वेळी धाव घेतली असती, तर उन्हात काम करणाऱ्या प्राण्याची त्वचा कायम सुजलेली राहिली असती. या दृष्टीने पाहता किरणांनंतर येणारी शांतता ही संरक्षक आहे. समशीतोष्ण देशांत वसंत ऋतूतील पहिल्या उन्हाबरोबर काही जणांच्या अंगावर खाजरे पुरळ उठते. 'बहुरूपी प्रकाशपुरळ' म्हणता येईल अशा या विकाराच्या रुग्णांत, अतिनील किरणांनी होणारे प्रतिरक्षेचे शमन निरोगी माणसांपेक्षा कमी होते, असे आढळले आहे. म्हणजे जेथे 'शक्ती' घटायला हवी तेथे ती घटत नाही, हाच त्यांचा रोग. याच्या उलट टोकाला अवयवरोपण झालेले रुग्ण आहेत. औषधांनी त्यांची प्रतिरक्षा दाबलेली असते, आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेचा कर्करोग त्यांच्यात अनेक पटींनी अधिक आढळतो. एकच शांतता एका ठिकाणी आरोग्य आहे, दुसऱ्या ठिकाणी प्राणघातक आहे.

उपचारशास्त्राने तर या शांततेचाच उपयोग केला आहे. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. किरण जंतूंना मारतात, ही त्या काळची उपपत्ती युद्धाच्या रूपकाला साजेशी होती. २००५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा सर्वाधिक जंतुनाशक अशा आखूड तरंगलांबीचे किरण त्यांतून पारच होत नसल्याचे आढळले. प्राचीन भारतीय वैद्यकात कोडावर बावची देऊन ऊन घेण्याची चिकित्सा होती. बावचीतील सोरालेन वर्गाचे द्रव्य आणि 'अ' विभागाचे किरण यांचा एकत्र उपयोग १९७४ पासून सोरायसिसवर आधुनिक पद्धतीने होऊ लागला. १९८७ मध्ये तर रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराबाहेर काढून, त्यांवर हेच द्रव्य व हेच किरण यांची योजना करून, त्या परत देण्याची पद्धत टी पेशींच्या त्वचागत कर्करोगावर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. या सर्व उपचारांचे वर्णन 'प्रतिकारशक्ती कमी करणे' असे केले, तर रुग्ण बिचकेल. 'वाढवणे' असे केले, तर ते असत्य होईल.

नित्याच्या वाचकालाही ही अडचण भेटते. एका दिवशी तो वाचतो की कोवळे ऊन घेतल्याने प्रतिकारशक्ती वाढते. दुसऱ्या दिवशी वाचतो की उन्हाने प्रतिकारशक्ती घटते. दोन्ही वाक्यांमागे खरे संशोधन आहे. 'ब' किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते जंतुनाशक प्रथिने निर्माण करण्यास पेशींना प्रवृत्त करते. तेच जीवनसत्त्व टी पेशींचा आवेग मात्र निववते. जन्मजात प्रतिरक्षेचा एक भाग सज्ज होतो आणि त्याच वेळी अर्जित प्रतिरक्षेचा एक भाग शांत होतो. एकाच मोजपट्टीवर ही दोन विधाने परस्परविरोधी ठरतात, आणि वाचक शास्त्रावरच अविश्वास दाखवू लागतो. वस्तुतः दोष शास्त्राचा नसून त्या मोजपट्टीचा आहे.

८

या चिकित्सेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, 'शिकणे', 'सहिष्णुता', 'संदेश' ही देखील रूपकेच आहेत. मग एक काढून दुसरे घालण्याने काय साधते? आक्षेप रास्त आहे. रूपकरहित परिभाषा अस्तित्वात नाही, आणि तिचा आग्रह धरण्याचे कारणही नाही. परंतु सर्व रूपके सारखी नसतात. ज्या रूपकावरून प्रयोगाचा निष्कर्ष अगोदर अपेक्षिता येतो किंवा निदान निष्कर्ष आल्यावर तो सांगता येतो, ते रूपक कामाचे. ज्याच्यामुळे निष्कर्ष अगम्य वाटू लागतो, ते टाकाऊ. शिकलेली गोष्ट दुसऱ्याला देता येते, घटलेली शक्ती देता येत नाही. उंदरांच्या प्रयोगाने या दोन रूपकांत निवड करून दाखवली आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द लोकांनी आपला केला आहे. लसीकरणाच्या प्रसारात त्याचे साहाय्य झाले आहे. आणि एड्ससारख्या रोगात, जेथे विशिष्ट टी पेशींची संख्याच खालावते, तेथे घट-वाढीची भाषा यथार्थ आहे. हेही मान्य केले पाहिजे. म्हणून शब्द हद्दपार करण्याची सूचना येथे अभिप्रेत नाही. जेथे परिमाण हाच मुद्दा आहे, तेथे तो राहावा. परंतु अध्यापनात आणि शास्त्रीय लेखनात व्यवस्थेसाठी 'प्रतिरक्षा' आणि घटनेसाठी 'प्रतिसाद' असे दोन शब्द वेगळे ठेवले, तर पुष्कळ गोंधळ टळेल. 'प्रतिसाद' या नामाबरोबर बदलणे, वळणे, थांबणे, उलटणे ही क्रियापदे सहज येतात, आणि 'कशाला?' हा प्रश्न त्याच्या पाठीशी उभाच असतो.

त्याचप्रमाणे आज ज्या चार गोष्टींसाठी एकच शब्द वापरला जातो, त्यांचे विभाजन व्हावे. रोपणानंतर औषधांनी सरसकट केले जाते ते 'दमन'. अतिनील किरणांनी एखाद्या विशिष्ट द्रव्याविषयीचा प्रतिसाद निवतो ते 'शमन'. त्यातून मागे उरणारी टिकाऊ स्थिती ती 'सहिष्णुता'. आणि या सर्वांना आवर घालणारा शरीराचा नित्यव्यापार ते 'नियमन'. दम आणि शम यांतील भेद आपल्या परंपरेने फार पूर्वी केला; बाहेरच्या इंद्रियांना आवरणे तो दम, अंतःकरण निवणे तो शम. आयुर्वेदानेही 'शमन' हा शब्द चिकित्सेचा प्रकार म्हणून जपला आहे. नवी संज्ञा घडवण्याचे श्रम येथे नाहीत. असलेल्या संज्ञांना त्यांच्या त्यांच्या जागी बसवण्याचे आहेत.

या विभाजनाची कसोटी एका वाक्यावर घेता येईल. 'अतिनील किरणांनी प्रतिकारशक्ती कमी होते' या वाक्याऐवजी 'अतिनील किरण पडलेल्या त्वचेतून भेटलेल्या द्रव्याविषयी प्रतिरक्षेचा प्रतिसाद शमतो, आणि ही सहिष्णुता नियामक टी पेशी जपतात' असे वाक्य लिहिले, तर ते लांब होते हे खरे. परंतु किरणित उंदराने परके कलम का झिडकारले, त्याचे दान शेजारच्या उंदराला का लागू पडले, आणि त्वचेच्या एका रोग्याला ज्या उन्हाचे भय त्याच उन्हाने दुसऱ्याला बरे का वाटते, हे तिन्ही प्रश्न दुसऱ्या वाक्यात विचारता येतात. पहिल्या वाक्यात ते विचारण्यास जागाच नाही. परिभाषेचे काम उत्तर देण्याचे नसते. योग्य प्रश्नाला वाक्यात जागा करून देणे एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते, आणि ते न करणारी संज्ञा कितीही लोकप्रिय असली तरी तिची फेरतपासणी झाली पाहिजे.